डावा कौल

झाशीच्या खांबेट्यांकडे मोठे निर्णय कळ्यांवर व्हायचे. देवघरातल्या चांदीच्या टाकाला कण्हेरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि प्रश्न विचारून हात जोडून बसायचं. उजवी आधी गळली तर हो, डावी गळली तर नको. याला कौल म्हणतात. कधीकाळी कुणी पूर्वज मराठी कारभाऱ्यांच्या मागोमाग पूजाअर्चा सांभाळायला कोकणातून बुंदेलखंडात आला. पुढे घरातली मराठी निम्मी हिंदी झाली, कोकण कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण कौल मात्र टिकला. बदली घ्यावी का, जागा विकावी का, सगळं देवाला विचारून. घरातल्या मुलाच्या, स्वानंदच्या, दोन स्थळांना डावा कौल आला. तिसरं स्थळ काही आलंच नाही, त्यामुळे देवालाही पुढे त्रास पडला नाही.

कौल लावायचे ते बाबा, दत्तात्रेय खांबेटे. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, गावातल्या मराठी घरांमधल्या पूजा आणि श्राद्धं सांभाळणारे, आणि स्वभावाने असे खट्याळ की सत्यनारायणाची पोथी वाचतानाही मध्येच यजमानाची फिरकी घ्यायचे. फक्त कौलाच्या बाबतीत थट्टा चालत नसे. एकदा डावा कौल आला तेव्हा अनुया, स्वानंदची थोरली बहीण, सहज म्हणाली होती, "अजून एकदा लावून बघू या ना." बाबांचा चेहराच बदलला. "कौल एकदाच लावायचा. पुन्हा विचारणं म्हणजे देवाला खोटं पाडणं." हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. पुढे ते बाबांच्याच मुळावर आलं.

आजार नसांचा होता. आधी हातातून पळी निसटायला लागली, मग पाय गेले, मग जीभ जड झाली. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की शरीर एकेक करून सगळं सोडून देईल, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. उलटं असतं तर बरं झालं असतं, असं स्वानंदला वाटलं. तो सरकारी दफ्तरात बाबू होता. सकाळी बाबांना पुसून, कूस बदलून कामावर जायचा आणि आला की पुन्हा तेच. आई, प्रमोदिनीबाई, दिवसभर उशाशी.

अनुयाचा मुलगा अक्षत बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याचा आजोबांवर फार जीव. त्याने एक पट्टी आणली, लॅपटॉपच्या स्क्रीनखाली चिकटवायची. ती माणसाचे डोळे वाचते. नजर जिथे रोखाल तिथे बाण जातो आणि अंमळ थांबला की तिथला चौकोन बोलतो. चौकोनांचा प्रोग्राम अक्षतने स्वतः लिहिला. सुरुवातीला पाणी, उशी, खाज, पंखा असे बरेच चौकोन होते. ते बघून बाबांचे डोळे दमायला लागले तेव्हा त्याने दोनच ठेवले, अर्धी अर्धी स्क्रीन व्यापणारे. हो आणि नको. आवाज बाबांचाच होता, जीभ पुरती जाण्याआधी अक्षतने भरून घेतलेला. नको तुटक होता. हो मात्र लांबलचक, शेवटी जरा हसू असलेला. होऽऽ.

"हो कुठल्या बाजूला ठेवू, आजोबा?" अक्षतने विचारलं होतं.

"उजवीकडे. कौलासारखं." तेव्हा बाबांना थोडंफार बोलता यायचं.

"पण देवाची उजवी म्हणजे बघणाऱ्याची डावी ना?"

"प्रश्न कुणाला विचारणार? मला. म्हणजे देव मीच. माझी उजवी धर." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसताना त्यांना ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना.

पापण्यांनी खूण करायची सोय उरली नव्हती, कारण त्या आपणहूनच फडफडायच्या. सगळा भार त्या दोन चौकोनांवर होता, आणि बाबांनी ते हौसेने वापरले. खिडकी उघडू? होऽऽ. रेडिओ लावू? होऽऽ. शेजारचे गुप्ताजी येऊन बसू का म्हणतायत. होऽऽ. जिभेला जिलबीचा पाक लावू? होऽऽ, आणि लगेच पुन्हा होऽऽ. एक गंमत मात्र व्हायची. खाटेची उजवी बाजू भिंतीला लागलेली, त्यामुळे जो कुणी येई तो डावीकडे, स्क्रीनच्या डाव्या कडेला खेटून बसे. बाबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले की पट्टीला वाटायचं ते डाव्या चौकोनाकडे बघतायत, आणि भलत्या वेळी नको निघायचा. मग बाबा लगबगीने नजर उजवीकडे नेऊन होऽऽ म्हणत दुरुस्ती करायचे. "पहिला नको धरू नका रे, तो तुमचं थोबाड पाहून निघतो," असं आई त्यांच्या वतीने सांगायची आणि आलेला माणूस हसायचा.

पुढे छाती थकेल तेव्हा गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालावी लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घालायची की नाही ते ठरवा म्हणाले. बाबांनी तेव्हा, बोलणं संपत आलेलं असताना, स्वानंदला जवळ बोलावलं. "आजच्या भीतीने उद्याचं ठरवायचं नाही. वेळ आली की मला विचार. मी सांगेन ते करायचं. तुमच्या मनाने नाही." स्वानंदने त्यांचा हात धरून हो म्हटलं. त्या घरात दिलेलं असं वचन कौलाच्याच तोलाचं असतं.

स्क्रीन फोडली ती एका माकडाने. माकडं त्या मोहल्ल्यात रोजचीच. आई कपडे काढायला गच्चीवर गेली होती, उघड्या खिडकीतून ते आत आलं, देवापुढची केळी उचलून जाताना स्टँडच्या वायरीत अडकलं आणि लॅपटॉप फरशीवर आपटला. आई धावत आली तेव्हा स्क्रीनवर कोळ्याचं जाळं पडलं होतं, माकड खिडकीत बसून केळं सोलत होतं आणि बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना त्यावर नक्की काहीतरी बोलायचं असणार.

इलाइट चौराह्याच्या मागे कमल भैयाचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने जुनी स्क्रीन काढून मागचा नंबर वाचला आणि मान हलवली. "ये तो अब आती नहीं, भाईसाब। कानपुर से ढुँढवाऊँ तो हफ़्ता-दस दिन, मिले न मिले। इसी साइज़ में फुल एचडी पड़ी है, पिन भी बराबर है। बैठ जाएगी।"

"फ़र्क़ क्या पड़ेगा?"

"पिक्सल ज़्यादा हैं। और साफ़ दिखेगा, बस।"

बाबा घरी मुके पडले होते. एक दिवससुद्धा थांबायची स्वानंदची तयारी नव्हती. बसवा म्हणाला.

स्क्रीन बसली, पण चालू केल्यावर कंपनीचं चिन्ह दिसलं आणि पुढे काळं ठिक्कर. कमलने दुकानातला दुसरा मॉनिटर जोडून पाहिला, त्यावर सगळं व्यवस्थित दिसत होतं, म्हणजे मशीन ठणठणीत. स्क्रीन काढून पुन्हा बसवली. बॅटरी काढून ठेवली. पिना ब्रशने साफ केल्या. दर वेळी चिन्ह यायचं आणि जायचं. स्वानंद स्टुलावर बसून प्रत्येक वेळी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचा. शेवटी कमलने स्क्रीनकडे जाणारी केबल बाहेर काढून उजेडात धरली. जुन्या स्क्रीनला जेवढ्या लागायच्या तेवढ्याच तारा तिच्यात होत्या, नव्या स्क्रीनला त्याहून जास्त लागत होत्या. त्याने त्याच जातीच्या एका मेलेल्या लॅपटॉपच्या पोटातून दुसरी केबल काढली, जोडली, आणि स्क्रीन लख्ख उजळली. अक्षरं बारीक होती, पण खरंच सुबक दिसत होती. स्वानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाताना त्याने जिलबी बांधून घेतली.

घरी पट्टी चिकटवून झाली. ठिपका हलतो त्याच्यामागे नजर न्यायची, ती ओळखपरेड बाबांनी न चुकता पार पाडली. मग अक्षतचा प्रोग्राम उघडला, तर तो स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. मोठ्या ताटात एका बाजूला कोशिंबीर वाढावी तसे हो आणि नको त्या तुकड्यात दाटीने बसले होते आणि उजवीकडे, खाली नुसता काळा पट्टा. स्वानंदने अक्षतला फोन लावला. उचलला नाही, मीटिंगमध्ये असेल. आता एवढ्याशासाठी पोराला कशाला छळायचं, असं म्हणून त्याने स्वतःच शोधाशोध केली. सेटिंगमध्ये चित्र ताणून पूर्ण स्क्रीनवर बसवायची सोय सापडली. त्याने ती दाबली आणि दोन्ही चौकोन ऐटीत पसरले, पहिल्यासारखे अर्धे अर्धे. दफ्तरातल्या इतक्या वर्षांत त्याला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्याने स्वतःच म्हणून घेतलं.

"बाबा, दिसतंय ना नीट?" तो आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या कडेला बसून म्हणाला.

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. काहीच झालं नाही. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू स्वानंदकडे आली, आणि त्यांच्याच आवाजात यंत्र म्हणालं, नको.

आई खळखळून हसली. "एवढं सगळं झालं तरी खोडी जात नाही मेली." स्वानंदही हसला. आवाज आला होता, म्हणजे यंत्र चालत होतं. शितावरून भाताची परीक्षा करायची त्या घराची रीत होती, आणि शीत तर शिजलेलं निघालं.

जिलबीचा पाक लावू का, म्हणून आईने विचारलं. नको.

त्या दिवसापासून बाबा प्रत्येक गोष्टीला नको म्हणायला लागले. खिडकी उघडू? बराच वेळ शांतता, मग नको. रेडिओ? नको. गुप्ताजी दारात उभे आहेत, आत बोलावू? नको. आधी सगळ्यांनी पहिला नको सोडून दुरुस्तीचा हो यायची वाट पाहिली. तो येईना. कधी कधी नकोही यायचा नाही, बाबा नुसतेच उजवीकडे टक लावून असायचे आणि आई म्हणायची, "दमले. राहू दे." हळूहळू खिडकी बंदच राहू लागली. रेडिओ कपाटावर गेला. गुप्ताजींना आईने दारातूनच परत पाठवलं. बाबांचं ऐकता ऐकता त्या दोघांनी उजेड, आवाज, माणसं असं एकेक करून सगळं त्यांच्याजवळून काढून नेलं, आणि आपण त्यांचं मन राखतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. विझत चाललेल्या माणसाला असंच होतं, असं आई फोनवर अनुयाला सांगायची. स्वानंदलाही तेच वाटायचं. नव्या स्क्रीनशी त्याचा काही संबंध असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. स्क्रीन किती सुंदर दिसत होती.

मग छाती थकली. मास्क लावूनही ओठ निळे पडायला लागले. सिव्हिल लाइंसमधले डॉक्टर घरी आले, तपासून अंगणात आले आणि स्वानंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अब टालिए मत। नली डलवानी है तो कल ही ले चलिए। डल गई तो साल-दो साल भी निकल सकते हैं। नहीं डलवानी, तो घर पर रखिए, मैं तकलीफ़ नहीं होने दूँगा। पर पूछिए उन्हीं से। सब समझते हैं।"

अनुया ग्वाल्हेरहून संध्याकाळच्या गाडीने आली. आईने देवापुढे निरांजन लावलं, पदर खांद्यावरून घेतला आणि बाबांच्या पायाशी येऊन उभी राहिली. अनुया तिच्या शेजारी. स्वानंद त्याच्या जागी, डाव्या कडेला. विचारायचं त्याने, कारण वचन त्याने दिलं होतं.

"बाबा, डॉक्टर म्हणतात नळी घालावी लागेल. घातली तर राहाल. त्रास होईल, पण राहाल. तुम्ही म्हणाला होतात मला विचार, म्हणून विचारतोय. नळी घालायची का?"

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. मास्कची हवा फुसफुसत होती. त्यांचे डोळे उजवीकडे स्थिर झाले, मोठे झाले, आणि तसेच राहिले. कौलाच्या वेळी बोलायचं नसतं. कळी गळेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. उजव्या डोळ्याच्या कडेला पाणी जमलं आणि कानाकडे ओघळलं. आईने वाकून पुसलं. डोळे त्यांचे हल्ली चुरचुरायचेच. मग ती नजर सुटली, डावीकडे आली आणि स्वानंदच्या चेहऱ्यावर थांबली.

नको, यंत्र म्हणालं.

सगळे थांबले. दुरुस्तीचा हो येतो का म्हणून थांबले. बाबांनी पुन्हा उजवीकडे पाहिलं, पुन्हा स्वानंदकडे पाहिलं.

नको.

"अजून एकदा विचार," अनुया म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "स्वानंद, अंमळ थांबून परत विचार ना."

"नाही," आई म्हणाली. रडत होती, पण शब्द ठाम होते. "दोनदा सांगितलं त्यांनी. अजून किती वदवून घेणार? कौल पुन्हा लावायचा नाही, हे त्यांनीच शिकवलंय. त्यांच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही."

स्वानंदने परत विचारलं नाही. आईचं म्हणणं त्याला पटलं होतं हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. दुसरा नको ऐकला तेव्हा त्याच्या मनात दुःखाच्याही आधी काहीतरी सैल झालं होतं. नळी म्हणजे रोजचा कफ ओढणं, इन्व्हर्टर, जागरणं, आणखी किती वर्षं कोण जाणे. ते सगळं एका शब्दाने टळलं. आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची त्याला त्याच क्षणी लाज वाटली, आणि त्या लाजेपायी त्याने बाबांच्या नजरेला नजर देणं सोडून दिलं. पुढचे दिवस तो खाटेशी बसायचा तो खाली मान घालून.

बाबा पहाटे गेले. डॉक्टरांनी शब्द पाळला होता, फार तडफड झाली नाही. अस्थी ओरछ्याला बेतवेत सोडल्या. दिवस झाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जरा शांतता यायची. "आम्ही काही ठरवलं नाही हो. त्यांनी स्वतः कौल दिला. त्यांच्या आवाजात दिला." त्या एका गोष्टीवर ती उभी होती.

त्यानंतर डॉक्टरांचा फोन आला. चिरगावचे विक्रम निरंजन म्हणून कुणी आहेत, त्यांच्या मोठ्या भावाला तोच आजार आहे, यंत्र पडून असेल तर द्याल का. आई लगेच म्हणाली, "दे. त्यांना आवडेल. दुसऱ्याच्या मुखात शब्द पडेल." विक्रम निरंजन बसने आला, चाळिशीतला, थकलेल्या चेहऱ्याचा माणूस. आई त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली. स्वानंदने स्टँड ओढलं, पट्टी चिकटवली आणि दाखवायला सोपं पडावं म्हणून बाबांच्या खाटेवर उशीला टेकून स्वतःच बसला. त्या खाटेवर तो पहिल्यांदाच बसत होता. ठिपक्यांमागून नजर फिरवून पट्टीला त्याने आपले डोळे ओळखू दिले.

"ये हाँ है, ये ना। मराठी में बोलेगा, आप अपनी आवाज़ भरवा लेना। कुछ पूछिए मुझसे।"

विक्रम डाव्या कडेला टेकला. काय विचारावं त्याला सुचेना. "चाय पिएँगे?"

स्वानंदने उजव्या चौकोनातल्या हो कडे पाहिलं. काही झालं नाही. अक्षरावर नजर खिळवली. काही नाही. डोळे ताणले, पापणी लवू दिली नाही, डोळ्यांच्या कडेला पाणी जमलं. यंत्र गप्प. एक मिनिट हं, काहीतरी अडलंय, असं सांगायला त्याने विक्रमकडे पाहिलं.

नको, बाबांचा आवाज म्हणाला.

"क्या बोला?" विक्रमने विचारलं.

"मना किया।"

"तो नहीं पिएँगे?"

स्वानंदने पुन्हा उजवीकडे पाहिलं, पुन्हा विक्रमकडे. नको. मग फोन काढून अक्षतला लावला. या वेळी अक्षतने उचलला.

"अक्षत, हो बोलत नाहीये."

"कसं काय? मामा, काही बदललंत का तुम्ही?"

"स्क्रीन. फुटली होती ना. नवी फुल एचडीची घातली."

"आणि चित्र कोपऱ्यात आलं असेल."

"मी ताणून मोठं केलं."

"मामा, चौकोनांच्या जागा मी जुन्या स्क्रीनच्या मापाने आकड्यांनी बांधल्यात. चित्र ताणलं तरी त्या तिथेच राहतात. कोपऱ्यात बारीक दिसत होतं ना, तेव्हा ते बरोबर चाललं असतं. ताणल्यावर डावा चौकोन चालेल. उजव्याच्या मध्ये बघितलं तर नजर मापाच्या बाहेरच पडेल." अक्षतला अजून काही कळलं नव्हतं. तो कामाच्या सुरात बोलत होता. "सोपं आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा, रिझोल्यूशन जुनं होतं ते निवडा. बस." आणि मग, एकदम हळू, "मामा, स्क्रीन कधी बदलली होती?"

स्वानंदने फोन ठेवला. सेटिंग उघडलं, यादीतून जुना आकडा निवडला. स्क्रीन एकदा काळी होऊन परत आली. अक्षरं जरा जाड, जरा धुरकट, पहिल्यासारखी. त्याने उजवीकडे पाहिलं.

होऽऽ.

घरभर तो आवाज गेला. स्वानंदला आता सगळं दिसत होतं, बाबांच्या जागेवरून, बाबांच्या उशीवरून. हो कडे पाहिलं की काही होत नव्हतं. म्हणून ते मदतीला त्याच्याकडे बघत होते. दर वेळी. खिडकीच्या वेळी, रेडिओच्या वेळी, नळीच्या वेळी. बाबा नको म्हणत नव्हते, आपल्या मुलाकडे बघत होते. आणि मुलाने खाली मान घातली होती.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हातात चहाचं गाळणं तसंच होतं, फरशीवर थेंब पडत होते. चेहऱ्यावर हसू होतं. "किती दिवसांनी ऐकला रे त्यांचा हो," ती म्हणाली. खाटेजवळ येऊन डाव्या कडेला उभी राहिली. विक्रम उठून बाजूला झाला. "त्या माकडाच्या आधी ऐकला होता. त्यानंतर काही..."

ती थांबली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग खाटेवर बसलेल्या मुलाकडे. हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. साठ वर्षं देवाचा कौल वाचणारी बाई होती ती. काय गळलं आणि काय गळलं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे.

"स्वानंद," ती म्हणाली, "हा बंद होता का रे तेव्हा? यांना हो म्हणताच येत नव्हतं का?"

पट्टी अजून चालू होती. आईच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर यंत्र नको म्हणालं असतं, आणि तेही एक उत्तर झालं असतं. नको विचारूस. आई कदाचित थांबलीही असती. एकदा मिळालेलं उत्तर ती पुन्हा मागत नाही. स्वानंदला ते करावंसं वाटलं, फार वाटलं. मान वळवायची तेवढी बाकी होती.

त्याने नजर उजवीकडे नेली आणि तिथेच ठेवली. बाबांनी ठेवली होती तशी.

होऽऽ, बाबा म्हणाले. शेवटी नेहमीसारखं जरासं हसू होतं.

आई खाली फरशीवर बसली. गाळणं तिच्या हातातच होतं.